सोयरं नसलेलं गाव

माझी मुलगी नवऱ्याचं घर सोडून परत आली, त्याच दसऱ्याला आमचा जिल्हा फुटला. सकाळी आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात उठलो आणि रात्री आसिफाबाद जिल्ह्यात झोपलो. वांकिडीच्या मेन रोडवर माझं मॅचिंग सेंटर आहे. फॉल, परकर, अस्तर, ब्लाउज पीस. पाटीवर वर तेलुगूत, खाली मराठीत दुकानाचं नाव आणि शेवटी जिल्हा. पेंटर दुसऱ्याच दिवशी डबा-ब्रश घेऊन आला.

"मावशी, आदिलाबाद खोडू काय?"

मी त्याला थांब म्हटलं. जिथून निघायचं आहे तिथली पाटी कशाला रंगवायची, हा विचार तेव्हाच डोक्यात होता.

आमच्या घराला बदलाची सवय आहे. सासऱ्यांची पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, उर्दूत, नवऱ्याची तेलुगूत, बोलणं मराठीत. आधी निजाम गेला, मग आम्हाला आंध्रात जोडलं, मग आंध्रातून तोडलं, आता जिल्ह्याचे चार तुकडे. सासरे म्हणायचे, "आमी जागचे हाललो नाई बाप्पा, कागदच हालले." या वेळी मला उलटं करायचं होतं. कागद राहू देत, माणसं हलवायची.

कारण दुकान. साडीवर दोरा जुळवायला बाईला पाच मिनिटं लागतात, पण बसते ती अर्धा तास. मुलगी काउंटरवर असली की दोरा हातात राही आणि डोळे तिच्या गळ्याकडे जात. "जावई घ्यायला कवा येऊन राह्यले?" पहिल्या महिन्यात मी सांगितलं, कामात आहेत. दुसऱ्या महिन्यात सांगितलं, तब्येत बरी नाही. तिसऱ्या महिन्यात मी तिला मागच्या खोलीत परकरांना नाड्या घालायला बसवलं. तिने रक्त तपासणीचा कोर्स केलेला आहे, सुई अशी टोचते की लहान मूलही रडत नाही. ती नाड्या घालत बसली आणि काही बोलली नाही. न बोलणं मला जास्त लागलं.

त्यातल्या पहिल्याच महिन्यात शेतात सीतादही होती. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी आमच्याकडे शेताच्या कोपऱ्यात दगड मांडून कुंकू लावतात, दहीभात वाहतात, मग एक कुमारिका किंवा सवाष्ण तोच दहीभात झाडांवर शिंपडते आणि पहिली बोंडं वेचते. लग्नाआधीपासून घरातलं हे काम माझ्या मुलीचं. हात हलका, म्हणून. लग्न झाल्यावरही ती त्यासाठी सासरहून आली होती. या वेळी माझ्या जाऊबाईंनी दह्याची वाटी तिच्या समोरून नेऊन स्वतःच्या लेकीच्या हातात दिली. ती निर्मल गावी दिलेली, जावई दुबईला. जाऊबाई मला "लहानी" म्हणतात, तशाच गोड आवाजात म्हणाल्या, "लहानी, मनावर घेऊ नोको. रीत हाय." माझी मुलगी कमरेला ओटा, कापूस टाकायची झोळी, बांधून वेचायला लागली. सगळ्यांच्या पुढे गेली. संध्याकाळी तिचा कापूस सर्वांत जास्त भरला आणि ते कोणी बोललं नाही.

त्या रात्री मी गावं काढायला बसले. नागपूर बाद, तिथे तिचं सासर. चंद्रपूर, राजुरा बाद, माझं माहेर. हैदराबादेत आमच्या मंडलातली, म्हणजे तालुक्यातली, अर्धी पोरं. आदिलाबादला नणंद, बोथला नणंदेची नणंद. जिथे बोट ठेवावं तिथे कोणीतरी सोयरं निघत होतं आणि सोयरं निघालं की प्रश्न आलाच. मग लक्षात आलं की आमच्यातलं कोणी समुद्राकाठी गेलेलं नाही. कापूस, ज्वारी, तूर करणारी माणसं. मिठाच्या पाण्याशी आमचं काय काम.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो बैलाच्या गळ्यातली घुंगरं ओवत होता. "समुद्र? अवो, राज्य फुटलं तवा समुद्र आंध्रवाल्यायच्याच वाट्याले गेला. आपल्या वाट्याले तलाव."

"विशाखापट्टण नाईच पाह्यजे. जावयाचा चुलतभाऊ तिथं नौकरीले हाय."

"मंग?"

"रत्नागिरी."

"अन् म्या तिथं काय पेरू? मीठ?"

त्याचं बरोबर होतं, पण माझंही ठरलं होतं. मुलीच्या कोर्समधली एक मैत्रीण तिथल्या लॅबमध्ये कामाला होती. तिने कळवलं होतं, माणूस लागतोय, ये. बाकीचा हिशेब मी केला. मला शांत गाव नको होतं. शांत गावात नवीन माणूस लगेच दिसतो. मला बंदर असलेलं, कॉलेज असलेलं, बाहेरची माणसं रोज येणारं-जाणारं गाव हवं होतं, जिथे एकटी बाई संध्याकाळी भाजी घेऊन घरी गेली तर मागे कोणी वळून पाहणार नाही. दुकानाचा माल निर्मलच्या एका ओळखीच्याला द्यायचा, शेत बटईने लावायचं, बैल जाऊबाईंकडे. प्रत्येक गोष्टीसमोर मी वहीत खूण करत गेले. झोप मात्र लागत नव्हती. पहाटे उठून मी दुकानातले दोरे रंगांप्रमाणे लावायची आणि दुपारी तेच परत मोडून लावायची.

शेवटचं राहिलं होतं ते उत्तर. नवीन गावात विचारलं तर काय सांगायचं? ते मी जाऊबाईंच्या घरून उचललं. निर्मलकडे घरटी एक माणूस आखातात. त्यांच्या लेकीला कोणी विचारलं, मालक कुठं, की ती "दुबई" म्हणते आणि तिथेच विषय संपतो. समोरची बाई उलट हळहळते. मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं: आपला जावई दुबईला आहे, तीन वर्षांचा करार आहे. नवऱ्याने मान हलवली. मुलगी म्हणाली, "कोनत्या कंपनीत?"

"कंपनी कोन विचारते?"

उन्हाळ्यात आम्ही तिघं निघालो. बल्लारशाहून गाडी, मग आणखी गाड्या बदलत, मांडीवर भाकरीचं गाठोडं. रत्नागिरीला पोचलो तेव्हा अंग घामाने चिकट झालं होतं. आमचा उन्हाळा भाजतो, तिथला उकडतो. समुद्र पाहून नवरा बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, याला आवडला. मग म्हणाला, "लय पानी हाय. पन एकाबी वावराले कामाचं नाई."

मी बाजार पाहायला निघाले. मी गाव बाजारावरून ओळखते. मासळीवाल्या बाया पाटासमोर पाय पसरून बसल्या होत्या आणि इस्त्रीच्या शर्टातल्या एका साहेबाला सरळ झापत होत्या, "घ्यायचं नसेल तर बोटं नका लावू!" साहेब हसत होता. बुरखा घेतलेल्या दोन मुली आणि जीन्समधल्या दोघी एकाच पुड्यातली भेळ खात होत्या. रिक्षा स्टँडवर एका बाईने आपली स्कूटर रिक्षांच्या मध्ये घुसवली आणि कोणी काही बोललं नाही. मी तासभर एका मेडिकलच्या पायरीवर बसून फक्त एकट्या बायका पाहिल्या. पिशव्या, छत्र्या, हातात मुलं, कानाला फोन. कोणी वळून पाहत नव्हतं. माझ्या मनात टिकटिक होत होती: हे बरोबर, हेही बरोबर. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. एवढं सगळं बरोबर कसं?

खोली मैत्रिणीने शोधून ठेवली होती, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वरच्या मजल्याला. मालकीण साठीची, एकटी. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. आम्हाला चहा दिला आणि सुरुवात केली.

"मच्छीचा वास चालतो ना? खाली मी सुकवते. नाही चालत तर आताच सांगा, मग नाकाला पदर लावून फिरू नका."

चालतो, म्हटलं. मला वाटलं, झालं, एवढाच प्रश्न. तेवढ्यात तिने मुलीकडे पाहिलं. "आणि बाय, घोव कुठे तुझा?"

मी तयार होते. "दुबईले. तीन वर्षांचा करार."

बाईचा चेहरा फुललाच. "अगो बाय! माझा मुलगा पण तिकडेच! दुबईत कुठे? देरा की शारजा? कंपनीचा कॅम्प कुठला? सुट्टीला कधी येतो? नंबर द्या हो, माझ्या मुलाला सांगते, शुक्रवारी जाऊन भेटून येईल. माझे दोन डबे पण पोचतील."

निर्मलला दुबई म्हटलं की विषय संपतो, इथे दुबई म्हटलं की सुरू होतो, हे कोणाला माहीत? त्या रस्त्यावर दर दुसऱ्या घरातला माणूस आखातात होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीतल्या चहाकडे पाहत होता. मी म्हणाले, "कंपनी... ते मोठी हाय..."

"मोठी म्हणजे?"

"मावशी," माझी मुलगी म्हणाली, "कोणी दुबईला नाही. मला मारत होता म्हणून मी नवरा सोडला. आता सोडचिठ्ठीचं चालू आहे. इथे लॅबमध्ये काम लागलंय."

ती एवढं सलग बोलली, ते मी कितीतरी महिन्यांनी ऐकलं. माझ्याजवळसुद्धा तिने "मारत होता" असं सरळ कधी म्हटलं नव्हतं. खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि बर्फाचं पाणी सांडत गेला. मला वाटलं, उठा आता, गाठोडं उचला.

मालकिणीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग दुबई कशाला मध्ये आणलीत हो? दुबईवाल्याच्या बायकोला इथे सगळे विचारतात. सोडून आलेलीला कोण विचारतो? तिला काम असतं." आणि मुलीला म्हणाली, "बरं केलंस. पाणी सकाळी सहाला येतं, अर्धाच तास. उठशील ना?"

"उठीन."

"आणि माझी शुगर बघशील घरच्या घरी?"

"बघीन. पण तुम्ही गोड चहा पिऊन राह्यल्या."

बाई एवढ्या मोठ्याने हसली की किल्ल्या वाजल्या.

संध्याकाळी आम्ही बंदराच्या कठड्यावर बसलो. मी बोलत होते, कारण गप्प बसले तर रडू आलं असतं. म्हटलं, दुकानासाठी खालचा गाळा पाहून ठेवला आहे, इथे नऊवारीचा खप कमी दिसतो पण फॉल सगळीकडे लागतो, दिवाळीपर्यंत आपण तिघंही इथे. नवरा लाटा पाहत होता. मुलीने माझा हात धरला.

"माय, तुमी जा."

"म्हंजे?"

"मी राह्यतो. तुमी दोघं घरी जा. तू इथं आलीस त दुबईबी येईन."

मला राग आला. मी म्हटलं, तुझ्याचसाठी करून राह्यलो न हे सगळं, घर मोडून. ती म्हणाली, "घर कायले मोडता? मी लपून राह्यलो नाई. लपवत तू होतीस."

नवऱ्याने इतक्या वेळात पहिल्यांदा तोंड उघडलं. "पोरगी बरोबर म्हनते." मग जरा थांबून, "कापसाची सरकीबी आणली नाई आपन अजून."

मी समुद्राकडे पाहत बसले. पाणी पुढे येत होतं, मागे जात होतं, एका जागी राहत नव्हतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

आम्ही दोघंच परत येताना मी गाडीत वहीतल्या सगळ्या खुणा खोडल्या. वांकिडीला पोचल्यावर पेंटरला बोलावून आदिलाबाद पुसून आसिफाबाद घातलं. मुलगी रविवारी फोन करायची. पाणी सहाला येतं आणि कधीकधी येतच नाही. सुकट आवडायला लागली आहे. मालकिणीची शुगर कमी आहे पण ती चोरून शिरा खाते. सोडचिठ्ठीच्या तारखेला नागपूरला एकटीच गेली आणि परतली, असं तिने नंतर सांगितलं. दुकानात बाया विचारत, लेक कुठं? मी म्हणत असे, नौकरीले. पुढचं बोलायला तोंड उघडत नव्हतं, आणि त्या फॉलचा रंग बदलून मागत.

मग सीतादही आली. दगड मांडले, कुंकू लागलं. जाऊबाईंच्या लेकीने वाटी घेतली, पहिल्या झाडांवर दहीभात शिंपडला, पहिली बोंडं वेचली. वेचणीच्या बायांपैकी एकीने कमरेला ओटा बांधता बांधता विचारलं, "काय वो, तुमची पोरगी औंदा नाई दिसत? जावई घेऊन गेले वाटते?"

दह्याची वाटीसुद्धा थांबली. मी माझा ओटा बांधला, गाठ घट्ट केली आणि म्हणाले, "नाई. जावई मारत होता, म्हणून तिनं सोडला. आता रत्नागिरीले असते, समुद्राजवळ. लोकायचं रक्त तपासते."

"एकटी?"

"एकटीच."

एक म्हातारी "बापा बापा" म्हणाली आणि वेचायला लागली. मग सगळ्याच लागल्या, बोंडं ओट्यात पडायला लागली. मी माझी ओळ धरली. थोड्या वेळाने जाऊबाई माझ्या शेजारच्या ओळीत आल्या. त्या कधी शेजारची ओळ घेत नाहीत.

"लहानी."

"काय?"

त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती दूर कोपऱ्यात झाडांवर उरलेला दहीभात शिंपडत होती, हिरवा चुडा भरलेल्या हाताने.

"आमच्या जावयाचा फोन दोन वर्सं झाले येत नाई," त्या वर न पाहता म्हणाल्या. "थो दुबईत हाय का नाई, तेबी मालूम नाई आमाले." हात थांबला नव्हता. "त्या तुया पोरीची खोली... एकीचीच हाय का दोघी मावतात?"

मी म्हटलं, "मावतात. पन मच्छीचा वास चालते काय, ते आधी विचारा तिले."