कासवाचा झेंडा

माझा धाकटा भाऊ केमन बेटावर स्वयंपाकी होता. दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यावर ते नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. सगळे सरसकट 'वेस्ट इंडीज' म्हणायचे, आणि तो सुट्टीवर आला की "काय मंग, बॅट आणली का?" असं विचारायचे. तोही हसायचा. बेट तसं इंग्रजांच्याच ताब्यातलं, पण झेंडा त्याचा स्वतःचा, हे तो मला पुन्हापुन्हा सांगायचा.

तिथल्या एका सणाच्या मिरवणुकीतून त्यानं एकदा व्हिडिओ कॉल केला होता. हातात कागदी झेंडा. निळा रंग, एका कोपऱ्यात इंग्रजांचा झेंडा, उजवीकडे ढालीवर सिंह, तीन हिरव्या चांदण्या, आणि सगळ्यांच्या वर कासव बसलेलं.

"कासव कायले?" आमच्या याडीनं, म्हणजे आईनं, विचारलं.

"पहिले इथं कासवंच होते याडी. मंग माणसं आले. बाहेरून आलेल्याले हे लोक वाहून आलेलं लाकूड म्हणतात."

"आपण नाही का बाहेरच्याले कोर म्हणत," याडी म्हणाली. "चालते तसं."

आम्ही गोर, म्हणजे बंजारा. आमचे पूर्वज बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडले. एका जागी मुक्काम म्हणजे काय, हे आम्हालाही तसं उशिराच कळलेलं. त्यामुळे त्याचं तिथं मन रमलं याचं मला नवल वाटलं नाही. तो चर्चच्या जेवणावळीत राबायचा, वादळानंतर शेजाऱ्यांची छपरं ठोकून द्यायचा, त्यांच्यासारखं लांबवून इंग्रजी बोलायचा. तिथं कायमचं राहू द्या म्हणून त्यानं अर्ज केला. तो नामंजूर झाला. परक्या कामगाराला ठरावीक वर्षांनी बेट सोडावंच लागतं. त्याची वर्षं भरली होती.

निघताना हॉटेलातल्या सोबत्यांनी त्याला एक कापडी झेंडा दिला. इथं आल्यावर त्यानं आर्णी रोडला मासळी-भाताची गाडी टाकली आणि झेंडा गाडीच्या पुढच्या पट्टीला बांधला. लोक बघायचे, विचारायचे, खाऊन जायचे. दोन-तीन महिने बरे गेले. त्या दिवसांत मी त्याला मन लावून काम करताना पाहिलं ते शेवटचंच.

पंधरा ऑगस्ट जवळ आला तेव्हा त्यानं गाडीच्या माथ्यावर तिरंगा लावला. निळा झेंडा खाली होताच. शाळा सुटल्यावर मी भाजी घेऊन तिकडून चालले होते, तर गाडीभोवती गर्दी. गावातलीच माणसं, निम्मी ओळखीची.

"इंग्रजाचा झेंडा काहून लावला बे?"

"इंग्रजाचा नाही हो. बेटाचा हाय. मी तिथं कामाले होतो."

"मंग कोपऱ्यात कोणाचा हाय? सांग न."

भाऊ झेंड्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तो कोपरा त्यालाही दिसतच होता की. मी पुढे होऊन समजावू लागले, तर एकजण म्हणाला, "मॅडम, तुम्ही तं पोरायले शिकवता. तुम्हाले तरी समजाले पाहिजे."

कुणी हात उगारला नाही. हाणामारी झाली असती तर निदान त्याला राग तरी आला असता. त्यानं स्वतःच गाठी सोडल्या. झेंड्याची घडी घालायला लागला, तर एकानं ती त्याच्या हातातून घेतली आणि पलीकडच्या नालीत टाकली. लोक पांगले. जाता जाता एकानं सवयीनं विचारलं, "भात आहे का अजून?" भावानं त्याला वाढलं.

रात्री तो मला एवढंच म्हणाला, "बाई, त्यायचं चुकलं नाही. हा झेंडा माहा हाय म्हटलं असतं, तं तिथंही कोणी मानलं नसतं."

गाडी त्यानं महिनाभर ओढली आणि मग विकून टाकली. बेटावरच्या दोन हॉटेलांना विचारून पाहिलं. त्यांच्याकडे नवी माणसं आली होती. सोबत्यांचे फोन आधी आठवड्याला यायचे, नंतर सणाला, आता येत नाहीत. याडी त्याच्यासाठी मुलगी बघते आणि तो नाही म्हणत नाही, होही म्हणत नाही. ती समोर बसून गोरबोलीत बोलते. तो मान हलवतो, आणि दोन वाक्यांनंतर तिच्या लक्षात येतं की तो ऐकतच नव्हता.

हल्ली तो लग्नसराईत आचाऱ्याच्या हाताखाली असतो. परवा नात्यातल्या एका लग्नात मी पंगतीला बसले होते आणि तो भाजी वाढत होता. माझ्या शेजारच्या म्हातारीनं त्याला विचारलं, "बाप्पा, इतके वर्ष कुठी होता तू? दिसला नाही."

"मुंबईले," तो म्हणाला, आणि पुढच्या ताटाकडे वळला.