भिंतीपलीकडून आलेली उत्तरं

मागच्या फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, की शाळेतून निवृत्त झाल्यापासून आजी दिवसभर करते काय. मी बाग, वाचन आणि देऊळ एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. राहिलेलं फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. तुमच्या आईने वाचून दाखवताना मधलं काही गाळू नये.

आमच्या भागात एक पाहणी चालली होती. मानसिक आजार किती लोकांना असतात, आणि त्यातल्या किती जणांपर्यंत उपचार पोचतात, हे घरोघर जाऊन विचारायचं. मुंबईहून एक मुलगी यायची, समाजकार्याचं शिक्षण नुकतंच संपवलेली. तिच्या हातात टॅब्लेट असे. प्रश्न मुळात इंग्रजीत होते आणि त्यांचं मराठी भाषांतर इतकं जड होतं, की पापडी गावच्या एका आजोबांनी तिला विचारलं, "बाय, हे कोर्टाचं आहे का?" मग कोणीतरी तिला माझं नाव सुचवलं. वसईत अर्ध्या घरांतलं कोणी ना कोणी माझ्या हाताखाली इंग्रजी शिकलेलं आहे, त्यामुळे दारं उघडली जातात.

मी तिचे सगळे प्रश्न पुन्हा सोप्या मराठीत लिहून दिले. त्यात पहिला प्रश्न माणसं मोजण्याचा होता. 'कुटुंब' म्हटलं की लोक दुबईतला मुलगा आणि सासरी गेलेली मुलगीही धरतात. म्हणून मी लिहिलं, 'तुमच्या चुलीवर किती माणसं जेवतात?' त्या मुलीला वाक्य फार आवडलं. मलाही आवडलं होतं, हे कबूल करते.

पद्धत अशी होती. घरातल्या मोठ्या माणसांची यादी टॅब्लेटमध्ये भरायची. मग टॅब्लेट त्यातलं एक माणूस आपणच निवडतं, आणि फक्त त्याच माणसाला प्रश्न विचारायचे, तेही एकांतात. जो यादीत नाही, त्याच्यावर निवड कधीच पडणार नाही.

ज्या घराबद्दल मला लिहायचं आहे, ते वाडीत आहे. वाडी म्हणजे घराभोवतीची जुनी बाग. सुपारी, केळी, मोगरा, आणि सगळ्यांवर नारळाची इतकी दाट सावली, की भर दुपारी दोन वाजताही पडवीत दिवा लावावासा वाटतो. घरात एकच बाई होती, पन्नाशीच्या आतबाहेरची, मोगऱ्याच्या कळ्या दोऱ्यात ओवत बसलेली. नवरा फुलं घेऊन दादरला गेलेला, दोन्ही मुलं कॉलेजात.

"चुलीवर किती जण?" मी विचारलं.

"चार," ती म्हणाली, आणि कळी ओवली.

टॅब्लेटने तिचीच निवड केली. पडवीत रेंज येईना, म्हणून मुलगी बाहेर विहिरीच्या कठड्याजवळ जाऊन उभी राहिली. मी प्रश्न वाचायचे, बाईचं उत्तर ऐकायचे, आणि 'हो' असेल तर एक बोट, 'नाही' असेल तर दोन बोटं मुलीला दाखवायची, असं ठरलं. विहिरीवरची मोटर चालू होती.

"गेल्या महिन्यात झोप लागत नाही असं झालं का?"

"हो," उत्तर आलं.

मी एक बोट वर केलं. तेवढ्यात समोरची बाई म्हणाली, "नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. ती कळ्या ओवत होती. मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. मी बोटं बदलली आणि पुढचा प्रश्न वाचला. जेवणावरची वासना गेली आहे का?

"हो."

"नाही."

पहिला शब्द माझ्या पाठीमागून आला होता. पाठीमागे मागच्या खोलीची कुडाची भिंत होती, कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली. आवाज मोठा नव्हता. कोणी शेजारी बसून कानाशी बोलावं, तसा होता. बाईच्या बोटांचा वेग जरासुद्धा बदलला नाही. त्यानंतरच्या प्रत्येक प्रश्नाला तसंच झालं. कोणीतरी तुमच्या वाईटावर आहे असं वाटतं का? माणसांत जावंसं वाटत नाही का? पाठीमागून आधी 'हो', मग समोरून 'नाही'. मी समोरच्या 'नाही'ची बोटं दाखवत राहिले.

पुढचा प्रश्नही मीच लिहिलेला होता, तरी मी तो आधी मनात वाचला, मग मोठ्याने. "आजूबाजूला कोणी नसताना कोणाचा आवाज ऐकू येतो का?"

समोरची बाई म्हणाली, "नाही बाई, तसलं काही नाही."

या वेळी भिंत उशिरा बोलली. "आत्ता येतोय," ती म्हणाली.

परतताना रिक्षात मी मुलीला विचारलं, "आतून कोणी बोलत होतं का ग?"

"आतून? नाही आजी. मोटर चालू होती ना, मला तर तुमचंपण ऐकायला येत नव्हतं. का, काय झालं?"

मी 'काही नाही' म्हटलं. घरी आल्यावर प्रश्नांचा कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीने स्वतःची उत्तरं भरली. झोप ठीक. भूक ठीक. आवाजांच्या प्रश्नापाशी मी थांबले. तुमचे आजोबा गेल्यावर वर्षभर मला दुपारी त्यांचं खाकरणं ऐकू येई. ते मी तुमच्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. आता काय लिहायचं? तीन दिवस तो कागद टेबलावर तसाच राहिला. जर ती भिंत फक्त माझ्याशी बोलली असेल, तर मला डॉक्टरांकडे जायला हवं होतं. आणि जर भिंतीमागे खरंच माणूस असेल, तर मी त्याची नऊ उत्तरं ऐकून नऊ वेळा पुसली होती.

गुरुवारी मी एकटी गेले. बाई तिथेच, तशीच कळ्या घेऊन बसलेली.

"टीचर? काय विसरलात?"

"एक प्रश्न राहिला. या घरात आणखी कोणी राहतं का?"

"सांगितलं की त्या दिवशी. आमच्या चुलीवर चार."

"आणि दुसऱ्या चुलीवर?"

तिने दोरा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही चुलीचं विचारलंत. माणसांचं कुठे विचारलंत?"

भिंतीमागे तिची नणंद होती, नवऱ्याची थोरली बहीण. मुलं तिला आत्या म्हणत. बारा वर्षांपूर्वी तिला जेवणात काहीतरी घालतात असं वाटू लागलं. तिने घरचं अन्न सोडलं आणि मागच्या खोलीत स्वतःची तीन दगडांची चूल मांडली. तांदूळ, डाळ, तेल, लाकडं दाराशी ठेवली की सगळे गेल्यावर ती आत घेई. मागे न्हाणी, तिच्यापलीकडे कुंपण. पहिली दोन वर्षं यांनी देवाचं केलं, अंगारे केले, एका डॉक्टरकडे न्यायला रिक्षाही आणली. तिने कडी काढली नाही. मग सगळे थकले.

"ती बोलते, ते तुम्हाला ऐकू येत नाही का?" मी विचारलं.

"टीचर, तुम्ही राजोडीला किनाऱ्यावर राहणाऱ्यांना विचारा, समुद्र ऐकू येतो का. ती दिवसभर बोलत असते. कोणाकोणाला उत्तरं देत असते. आमच्या कानात शिरत नाही आता." मग म्हणाली, "वाईट वाटतं का म्हणून विचारू नका. वाटतं."

मला तेव्हा जे वाटलं त्याला सुटका म्हणावं लागेल. मला वेड लागलेलं नव्हतं. लगेच त्या सुटकेची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मी मुलीला फोन केला. ती ऐकून म्हणाली, "आजी, ते हाउसहोल्ड क्लोज झालंय. आता मेंबर अ‍ॅड नाही होत. मी सरांना विचारते, पण नाही होणार." नाहीच झालं. त्यामुळे पाहणीचा अहवाल निघेल तेव्हा त्यात ते घर चार माणसांचं असेल आणि ठणठणीत असेल. ती चूक चुलीच्या वाक्याची आहे, आणि ते वाक्य माझं आहे. मुलीने मात्र एक केलं. सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा मनोविकारांच्या डॉक्टर बसत, त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, घरी येईन, पण ती दार उघडणार असेल तरच. दार फोडून उपचार सुरू करायचे नाहीत.

म्हणून मी दर गुरुवारी जाऊन भिंतीशी बसू लागले. काय बोलावं कळेना, तेव्हा तेच प्रश्न वाचायचे. ती घरच्या वाडवळी बोलीत बोले, मी इथे सरळ मराठीत लिहिते आहे.

"आज झोप लागली का?"

"नाही. ते दोघं बोलत होते."

"कोण दोघं?"

"तुला माहीत आहे की."

मला माहीत नव्हतं. पण ती माझ्याशी जुन्या ओळखीने बोले, आणि मी न आलेल्या दिवशी मी काय काय विचारलं तेही मला सांगे. सोमवारी तू पाण्याचं विचारलंस. काल पहाटे तू माझ्या आईचं विचारलंस. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी कागद मिटून ठेवला. मी सोमवारी बँकेत होते. पहाटे मी माझ्या अंथरुणात होते. माझ्या आवाजात पहाटे तिथे बोलणारी बाई मी नव्हते.

"भरली तुमची शाळा?" गजऱ्यांची टोपली उचलताना कळ्या ओवणारी बाई, म्हणजे आतलीची भावजय, मला हसून विचारी. तिला मी हे सांगितलं नाही.

पाचव्या गुरुवारी डॉक्टर आल्या. तरुण होत्या, चप्पल बाहेर काढून पडवीत खाली बसल्या. त्यांनी हाक मारली, स्वतःची ओळख सांगितली. आतून काही नाही. दहा मिनिटं गेली. मग त्यांनी मला खूण केली.

"दार उघडशील का?" मी भिंतीला विचारलं.

कडी लगेच निघाली. जिच्यासाठी अंगारे झाले, रिक्षा आणली, ती बारा वर्षांची कडी. भावजय पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

दारात एक लहानशी, स्वच्छ बाई उभी होती. पांढरे केस घट्ट विंचरलेले, लुगडं नीट. खोलीत धुराने काळं झालेलं छप्पर, आणि एका ओळीत मांडलेली घासलेली भांडी. डॉक्टरांनी हळूहळू विचारत तिच्याकडून काढून घेतलं. दोन पुरुष आहेत. शिव्या देतात. दार उघडलंस तर मारू म्हणतात. "पण आता एक बाई यायला लागली आहे," ती म्हणाली. "ती शिवी देत नाही. झोपेचं विचारते. ती म्हणाली उघड, म्हणून उघडलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले. "ती मीच आहे," मी म्हटलं. "मी भिंतीपलीकडून बोलत होते."

तिने माझा चेहरा नीट पाहिला. मग तिची नजर माझ्या ओठांवर राहिली.

"तू नाहीस," ती म्हणाली. "तू तोंड हलवतेस."

तिने गोळ्या घ्यायचं कबूल केलं, दोन अटींवर. पाकीट तिच्या हातात बंद द्यायचं, कोणी उघडायचं नाही. आणि औषध त्या दोघांवर द्यायचं, बाईवर नाही. डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. "मी तसं निवडून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. आतल्या बाजूला मान वळवून कोणाचं तरी ऐकल्यासारखं केलं. मग हात पुढे केला.

ती बाई तिला काय सांगत होती, हे मला कधीच कळणार नाही. घे म्हणाली असावी. माझ्यापेक्षा ती धीट असावी.

सात महिने झाले. मी अजून गुरुवारी जाते, आता समोर बसते. ती पडवीत येते, भावजयीच्या शेजारी बसून कळ्या ओवते. चूल अजून वेगळीच आहे. डॉक्टर म्हणतात, राहू दे, घाई नाही. ते दोन पुरुष पुरते गेलेले नाहीत, पण बांधापलीकडे गेलेत आणि शब्द कळत नाहीत, असं ती सांगते. मला ती आता तुम्ही म्हणते, टीचर म्हणते.

मागच्या गुरुवारी मी नेहमीसारखं विचारलं, "झोप लागली का?"

तिची सुई थांबली. "तीही असंच विचारायची," ती म्हणाली. "गेली ती. दिवाळीनंतर आलीच नाही. बरी होती हो बाई." मग तिने माझ्याकडे अगदी सहज, शेजारणीची चौकशी करावी तसं पाहिलं. "टीचर, तुमच्या ओळखीची होती का?"

भावजय हसली नाही.

"थोडीफार," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि माझ्यापुढे कळ्यांचं सूप सरकवलं.