त्यांच्या नावाची बाटली

साताऱ्यात निवृत्त फौजीला तब्येत कशी आहे म्हणून विचारणं म्हणजे आपलाच वेळ फुकट घालवणं. कुठल्याही गल्लीत विचारा, उत्तर ठरलेलं: एकदम फिट. माणूस काठीवर रेललेला असेल, एका डोळ्यानं दिसत नसेल, तरी एकदम फिट. आमचे हे त्यातलेच. हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आले आणि काही वर्षांनी एका सकाळी त्यांची उशी नाकातल्या रक्तानं भिजलेली मला दिसली. "उन्हाळा हाय, घोळणा फुटलाय," म्हणाले आणि उशीचा अभ्रा स्वतःच धुवायला घेऊन गेले. घरातलं एक फडकं आयुष्यात कधी न धुतलेला माणूस अभ्रा धुवायला निघाला, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

पुढचं वर्ष डॉक्टर बदलण्यात गेलं. एकानं सायनस म्हटलं, दुसऱ्यानं टीबीची शंका काढली. मग नडग्यांवर लाल ठिपके उठले, गुडघे सुजले, खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा कुणीतरी सांगलीच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट समजावलं. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पेशीच बिथरल्यात आणि आपल्याच बारीक रक्तवाहिन्यांवर हल्ला करतायत. त्यामुळे वाहिन्यांना सूज येते, आणि मग नाक, फुप्फुसं, मूत्रपिंडं, जिथं बारीक वाहिन्या जास्त तिथं नुकसान होतं. आजार जात नाही, दबतो. दबला तरी उलटू शकतो.

तो चार वर्षांत दोनदा उलटला. दर वेळी स्टेरॉइडच्या गोळ्या, सुजलेला चेहरा, वाढलेली साखर आणि घरात कुणाचंही ऐकून न घेणारा हा माणूस.

दुसऱ्यांदा उलटला तेव्हा डॉक्टरांनी चाचणीबद्दल सांगितलं. एक औषध आहे, प्रयोगशाळेत तयार केलेलं प्रतिपिंड, जे त्या उपद्रवी पेशींना हुडकून काढतं. आधी सगळ्यांना ते सलाइनमधून द्यायचं. आजार शांत झाला की रुग्णांचे दोन गट करायचे. एका गटाला तेच औषध दर चार महिन्यांनी, दुसऱ्याला रोजच्या गोळ्या. कोणत्या उपायानं आजार जास्त काळ दूर राहतो ते बघायचं. कोण कुठल्या गटात ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टरसुद्धा नाहीत.

माहितीपत्रक चांगलं जाडजूड होतं. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलंय, त्यामुळे वाचायचं काम माझ्याकडे. वर्गात धडा वाचावा तसं मी ते हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोठ्यानं वाचलं. चौथ्या पानाला हे म्हणाले, "दे हिकडं, सही करतो." मी म्हटलं, पुरतं ऐका तरी. शेवटपर्यंत वाचलं, पण त्यांचं लक्ष केव्हाच उडालं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. तोंड वाचत होतं आणि डोक्यात परतीची एसटी चुकते की काय हा घोर होता.

ते सलाइन मात्र गुणाचं निघालं. चार आठवडे दर आठवड्याला आम्ही कराड, इस्लामपूर करत सांगलीला जायचो. दोन महिन्यांत नाकातल्या खपल्या गेल्या, ठिपके गेले. चौथ्या महिन्यात हे पुन्हा पहाटे किल्ल्यावर चढून यायला लागले. मग कॉम्प्युटरनं निवड केली आणि यांच्या वाट्याला गोळ्या आल्या.

डॉक्टरांनी दोनदा सांगितलं की यात वर-खाली काही नाही, दोन्ही उपायच आहेत. पण यांनी ते वेगळंच घेतलं. फौजेत असताना गुडघ्यामुळे यांची मेडिकल कॅटेगरी खाली गेली होती आणि नायब सुभेदार व्हायचं राहून गेलं होतं. ती सल अजून आहे. गोळ्या हातात घेऊन ते म्हणाले, "हितंबी खालच्या कॅटेगरीत टाकलं मला." त्या दिवसापासून चाचणीतले डॉक्टर त्यांच्या लेखी डॉक्टर राहिलेच नाहीत, मेडिकल बोर्ड झाले. आणि बोर्डापुढं दुखतंय म्हणायचं नसतं.

चाचणीवाल्यांनी एक डायरी दिली होती. दर रविवारी खुणा करायच्या: नाकातून रक्त, सांधेदुखी, खोकला, लघवीचा रंग. यांचा हात थरथरायचा म्हणून लिहायची मी. ते पेपर वाचता वाचता सांगायचे आणि मी लिहायची. नाही, नाही, नाही, नाही.

पुढच्या वर्षी गौरी जेवल्या त्या दिवशी मला त्यांच्या रुमालावर रक्त दिसलं. दुसऱ्या दिवशीही. रुमाल धुणारी मी, मला कुणी काय सांगावं. मी म्हटलं, "आवं, फोन लावा सांगलीला."

"काय नगं. नाव कापत्याल."

"कोण कापतंय नाव? डॉक्टर हायत ते."

"तुला काय कळतंय त्यातलं? एकदा का उलटलं म्हनून लिवलं, की भाईर. मग ना गोळी, ना सलाइन. तू लिव, न्हाई म्हनून."

मी लिहिलं. शाळेच्या गळक्या छपरासाठी मी शिक्षणाधिकाऱ्यांशी भांडलेली बाई आहे. कुणाच्या बापाला भ्यायले नाही. इथं मात्र ऐकलं, आणि ते नवऱ्याच्या धाकानं नव्हे. मलाही तीच भीती होती. इतकं गुणाचं औषध, ते देणारी माणसं, सगळं एका रुमालापायी हातचं जाईल असं मला मनापासून वाटलं. त्यांना एकट्याला दोष देऊन मोकळं व्हायचं मी किती तरी वेळा ठरवलंय. जमत नाही.

पंधरवड्यानं तपासणीची तारीख होती. सकाळची पहिली लघवी घरूनच बाटलीत भरून न्यायची असायची. बाटलीवर यांचा चाचणीतला नंबर. त्या सकाळी हे संडासातून बाहेर आले आणि रिकामी बाटली माझ्यापुढं धरली.

"तू भर."

मला वाटलं चेष्टा करतायत. तर ते अगदी गंभीर होते. म्हणाले, युनिटमध्ये वार्षिक मेडिकलला कुणाला काही दबवायचं असलं की दोस्ताची बाटली चालायची. खरं-खोटं ते जाणोत. "येवढं काय त्यात? तू चांगली खणखणीत हायस." मी हसले. आज लिहिताना हात आखडतोय, पण मी हसले हे खरं. मग आत गेले. त्यांनी पाणी ओतलेलं नव्हतं. भांड्यात कोऱ्या चहासारखी लघवी होती, काळपट तांबडी. मी पाणी ओतलं आणि बाटली भरली.

सांगलीत डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले. रक्तात त्या दिवशी अजून काही बिघाड दिसत नव्हता. लघवी तर एकदम स्वच्छ. "काका, छान चाललंय," म्हणाले. हे खुर्चीत ताठ झाले. आणि मला, देवाशपथ सांगते, अभिमान वाटला. माझ्या लघवीचं कौतुक झालं म्हणून साठी उलटलेल्या बाईला अभिमान वाटला. येताना इस्लामपूरच्या स्टँडवर यांनी स्वतःहून भजी आणली आणि अर्धी मला दिली. इतकं खुशीत मी त्यांना फौजेत कॅटेगरी खाली जायच्या आधीच पाहिलं असेल.

दिवाळीनंतर पाय सुजले. आधी घोटे, मग गुडघ्यापर्यंत. अन्न पोटात ठरेना, दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची. तेव्हाही ते गॅसेस म्हणाले. या वेळी मी विचारत बसले नाही, गाडी केली आणि सरळ सांगलीला नेलं. मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली होती.

डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला. दोन दिवसांनी ते आमच्या खाटेपाशी फाइल घेऊन आले तेव्हा गोंधळलेले होते. त्यांच्याबरोबर चाचणीचं काम बघणारी, आम्हाला तारखांचे फोन करणारी आणि डायरी तपासणारी मुलगीही होती. डॉक्टर म्हणाले, "तुकड्यात जुने व्रण दिसतायत, काही महिन्यांचे. पण मागच्या भेटीत लघवी स्वच्छ होती आणि डायरीतही काही नाही. हे जुळत नाही. या गोळ्यांनीच काही वेगळं केलं का, ते बघावं लागेल. गोळ्यांवर असलेल्या बाकीच्या रुग्णांनाही बोलवावं लागेल."

हे छताकडे बघत पडले होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आता तरी बोलतील, मला वाटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या डोळ्यांपुढं गोळ्या घेणारी कुठली कुठली माणसं आली, जत, कवठेमहांकाळकडून दोन-दोन गाड्या बदलून येणारी, आणि मी सांगून टाकलं. रुमालापासून सगळं. बाटलीचंही. ती मुलगी लिहीत होती, तिचा पेन थांबला.

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फाइलमधून ते माहितीपत्रक काढलं, एक पान उलगडलं आणि माझ्या हातात दिलं. साध्या मराठीत लिहिलं होतं: गोळ्या सुरू असताना आजार उलटल्यास रुग्णास ते औषध पुन्हा सलाइनद्वारे देण्यात येईल.

"नाव कापलं जाणार नव्हतं, काकू," ते म्हणाले. "गणपतीत नुसता फोन केला असता तरी मी त्याच आठवड्यात सलाइन लावलं असतं."

सलाइन मग लावलंच. फुप्फुसं वाचली. मूत्रपिंडं परत आली नाहीत.

आता साताऱ्यातच आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. चार तास यांचं रक्त यंत्रातून फिरत असतं आणि मी शेजारी स्टुलावर बसते. हॉस्पिटलातून आल्यापासून त्यांनी त्या बाटलीचा विषय काढला नव्हता. सगळ्यांसमोर त्यांची लाज काढली म्हणून राग धरून बसलेत, असं मी धरून चालले होते, आणि मलाही समजूत काढायची हौस नव्हती. गेल्या मंगळवारी सुई टोचून नर्स पलीकडे गेली आणि ते म्हणाले, "तू तवाच का न्हाई सांगितलंस त्यांना?"

माझं डोकंच फिरलं. "तुमीच म्हनला हुता की, न्हाई म्हनून लिव. बाटली कुनी दिली माज्या हातात?"

"मी द्येनारच. आमाला तसंच शिकवल्यालं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू तर मास्तरीण. त्यो कागद तूच वाचला हुतास."