नऊ फोन, एक मासा

जाळ्याच्या धंद्यात एक गंमत असते. जाळं टाकायचं ते रोहूसाठी, पण वर येताना सोबत एखादी चप्पल, शिंगाड्याची वेल आणि कोणाचा तरी हरवलेला तांब्याही येतो. किश्शांचंही तसंच. मी निघालो होतो मोबाईलसाठी एक प्रोग्राम करून घ्यायला. प्रोग्राम मिळाला, पण त्याच्याबरोबर जे जे वर आलं ते अजून दुकानात चहाच्या वेळी निघतं. मग गिऱ्हाईकही जाळं घ्यायचं विसरून बसून राहतं!

तेव्हा मोबाईल नुकते गावोगाव पोहोचत होते. माझं दुकान चंद्रपुरात, जटपुरा गेटाजवळ. जाळी, दोर, आणि पावसाळ्यात मत्स्यबीज, म्हणजे माशांची बारीक पिल्लं. पाणी आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून ती गावच्या तळ्यांवर पोहोचवायची. गाडी पोहोचली आणि तळ्यावर माणूस नसला, तर पिशवीतला जीव पिशवीतच संपतो. नऊ गावांत माझी नऊ माणसं होती, सगळी पिढीजात तळ्यावरची. त्यांच्या फोनवर 'गाडी येत आहे' एवढं दिसावं, त्यांनी बटण दाबून 'मी तयार आहे' म्हणावं, बस. मला वाटलं, हे तर शाळेतल्या पोराचंही काम!

* * *

दुकानाच्या वरच्या खोलीत वैशाली मेश्राम कॉम्प्युटर क्लास चालवायची. इंजिनिअर मुलगी. पुण्याची नोकरी हातात आलेली, पण तिला चंद्रपूर सोडायचं नव्हतं. स्वतःचं काम इथेच उभं करायचं होतं. माझा प्रोग्राम ही तिची पहिली मोठी ऑर्डर.

तिचे बाबा एसटीत कंडक्टर. एक दिवस ड्यूटीवरून सरळ दुकानात आले.

"जय भीम, शेठ. पोरगी म्हणते, इथीच राहीन. मी म्हणलं ठीक आहे. पण आपला एक कायदा आहे. सगळे पॅसेंजर चढल्याशिवाय मी बेल मारत नाई. तुमच्या नवही माणसाईच्या फोनावर ते चाललं, मी माह्या डोळ्यानं पाह्यलं, तं राहा म्हणीन. एक जरी खाली राह्यला, तं पुणे!"

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी नऊ माणसांचे नऊ फोन डोळ्यांसमोर आणले आणि मान दुसरीकडे वळवली.

* * *

नऊ फोन म्हणजे नऊ तऱ्हा. एकाचा काळा-पांढरा, एकाचा रंगीत, एकाचा घडी घालायचा, एकाचा इतका मोठ्यानं वाजायचा की बैल बिचकायचे. या सगळ्यांवर चालेल असं एकच काहीतरी निवडायचं होतं. वैशाली म्हणाली, "काका, आधी फ्रेमवर्क ठरवावं लागेल." मी म्हटलं, "ठरव की!" ती म्हणाली, "तोच तर गोंधळ आहे."

मग आम्ही नागपूरहून एक जाणकार बोलावला. तो म्हणाला, "जावा. एकदा लिहा, कुठेही चालवा."

"सिरोंच्यात चालेल का?"

"कुठेही म्हणजे कुठेही!"

आठवड्यानं दुसरा आला. त्यानं पहिल्याला हसून घेतलं. "फोनात काही टाकायचंच नाही शेठ, सगळं इंटरनेटवर ठेवा." मी विचारलं, "धानोऱ्यात नेट आहे का?" तो म्हणाला, "येईल." तिसरा म्हणाला, प्रत्येक फोनसाठी वेगळं लिहा. नऊ फोन, नऊ प्रोग्राम!

मी आठवी पास माणूस. पहिला पुन्हा आला, तेव्हा मला जे कळतं त्यावरून मी बोललो. "साहेब, रोहू, मरळ आणि झिंगा, तिघांना एकच जाळं चाललं असतं, तर मी दुकानात भिंतभर जाळी कशाला टांगली असती?"

साहेब म्हणाले, "अहो, सॉफ्टवेअर म्हणजे जाळं नव्हे!"

जाताना मात्र स्वतःच्या फार्महाऊसच्या तळ्यासाठी एक जाळं घेऊन गेले. कोणतं घ्यावं, यात अर्धा तास घातला.

* * *

शेवटी जावा ठरलं. पहिली चाचणी धानोऱ्याच्या सोमाजीभाऊंच्या फोनवर. मुद्दाम एसटीनं चंद्रपूरला आले, स्वच्छ धोतर नेसून, जणू फोटो काढायचा आहे.

वैशालीनं मराठीत सुंदर लिहिलं होतं, 'गाडी येत आहे'. सोमाजीभाऊंनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला.

"काय दिसलं भाऊ?"

"इटा."

"काय?"

"इटा दिसून राह्यल्या बाई. एकीपुढं एक मांडल्या. भट्टीवाल्याचा निरोप मले कशाले आला?"

फोनला मराठी अक्षरं येत नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन. दुसऱ्या फोनवर चौकोन, तिसऱ्यावर प्रश्नचिन्हं, चौथ्यावर काहीच नाही. वैशालीनं सगळं पुसलं आणि चित्र टाकलं. मासा दिसला तर गाडी येतेय. माशावर फुली असली तर आज गाडी नाही. नाव नाही, गाव नाही, अक्षरच नाही!

सोमाजीभाऊ खूश. "हे बरं आहे. मासा तं मले लहानपणापासून वाचता येते."

* * *

पण सिरोंच्याच्या मल्लय्याच्या फोनात प्रोग्राम शिरेचना. जागाच नव्हती. सगळी मेमरी तेलुगू गाण्यांनी भरलेली.

वैशाली म्हणाली, "मल्लय्याभाऊ, दोन-चार गाणी काढा ना."

"लेदु, लेदु! नाही बाई! गाणी काढली तर फोनात राहते काय?"

"अहो, फोन राहतो!"

मल्लय्यानं फोन खिशात घातला आणि माझ्याकडे वळला. "शेठगारू, हिचा प्रोग्राम गाते का?"

गात नव्हता. आणि ज्या फोनांत शिरला, त्यांतही तोच घोळ. एकावर डावं बटण दाबलं की 'हो', दुसऱ्यावर तेच बटण दाबलं की फोनच बंद! बीजाचा हंगाम तोंडावर आला. वैशालीच्या घरी पुण्याचं तिकीट काढायचं बोलणं सुरू झालं. पोरगी जिन्यात बसून म्हणाली, "काका, एक फोन बरा केला की दुसरा आजारी पडतो. मी काय निवडायला पाहिजे होतं, तेच आता कळत नाही."

* * *

तेव्हा मी माझं फ्रेमवर्क काढलं. व्यापाऱ्याचं.

"प्रोग्राम बदलू नकोस. फोन बदलू!"

ठोक भावात नऊ फोन आणले. एकच कंपनी, एकच मॉडेल, एकच रंग. आत नवीन सिमकार्डं, प्रत्येक गावाला एक नंबर. वर माझ्याच दुकानातली नऊ प्लास्टिकची पाकिटं, पाणी न शिरणारी. वैशालीनं नऊही फोनांत प्रोग्राम टाकला. एक गडबडला नाही, एक रुसला नाही! नऊ खोक्यांवर नऊ गावांची नावं लिहून तिनं ज्याचा त्याचा फोन त्याच्या खोक्यावर ठेवला. मंडळी जमली होती. "आपापला घ्या," म्हणून ती वर क्लासमध्ये गेली.

आता तळ्यावरच्या माणसांची एक रीत आहे. मासोळी काढली की तिचे सारखे वाटे घालतात. मग एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस नाव घेतो. निवडानिवड नाही, भांडण नाही. ज्याला जो पडला तो त्याचा.

सोमाजीभाऊंनी आधी रिकामी खोकी गोळा करून कोपऱ्यात टाकली. फोन, चार्जर आणि पाकीट असे नऊ वाटे सतरंजीवर मांडले, अगदी ओळीत. मल्लय्या पाठ करून उभा राहिला.

"हा कोणाचा?"

"पोंभुर्ण्याचा!"

"हा?"

"धानोऱ्याचा!"

माझे डोळे भरून आले. इतकी न्यायाची वाटणी मी बाजारात कधी पाहिली नाही! वैशाली खाली आली तेव्हा मंडळी आपापल्या एसटीला लागली होती. तिनं विचारलं, "सगळ्यांनी घेतले ना?" मी म्हटलं, "कोणाची तक्रार नाही."

* * *

पहिली गाडी सिरोंच्याची. वैशालीचे बाबा रजा टाकून आले. 'डोळ्यानं पाहीन' म्हणाले होते ना! पुढे रफिक ड्रायव्हर आणि मी, मागे बापलेक आणि बीजाच्या पिशव्या. सिरोंचा जवळ आलं तसं वैशालीनं आपल्या फोनवरून सिरोंच्याला मासा पाठवला आणि बाकीच्या आठ गावांना फुली. थोड्याच वेळात तिकडून बरोबरची खूण आली. मी तयार आहे!

तिनं फोन बाबांना दाखवला. बाबांनी चष्मा लावून पाहिला आणि फोन परत दिला.

तळ्यावर पोहोचलो. चिटपाखरू नाही!

रफिक हुशार. त्यानं पिशव्या तशाच बंद पाण्यात तरंगत ठेवल्या, म्हणजे बीज गार राहील. मी सिरोंच्याच्या फोनवर रिंग दिली आणि स्पीकर चालू केला.

"हालो! बोला शेठ!"

"अरे कुठे आहेस? आम्ही तळ्यावर उभे आहोत!"

"मी बी तळ्यावरच उभा आहो! ढोपरभर पाण्यात!"

आम्ही चौघांनी तळ्याच्या चारही बाजू पाहिल्या.

"दिसत नाहीस!"

"तुम्हीच दिसून नाई राह्यले! कोणत्या पाळीवर आहा?"

"मोहाच्या झाडाखाली!"

"मी बी मोहाच्याच झाडाखाली!"

रफिक पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर चढला. "एक काम करो, हात वर करो!"

"केला! दोन्ही केले! दिसलो का?"

एवढ्यात गावाकडून मल्लय्या धावत आला, लुंगी सावरत. गाडीचा आवाज त्याच्या कानावर गेला होता. आमच्याकडे पाहायच्या आधी त्यानं आपला फोन माझ्या नाकासमोर धरला. माशावर फुली. "लेदु शेठगारू! आज गाडी लेदु! फोनात दिसते ना! मग तुम्ही कसे आले?"

मी मल्लय्याच्या फोनकडे पाहिलं. मग माझ्या फोनमधून येणारा आवाज पुन्हा नीट ऐकला. सोमाजीभाऊ! धानोऱ्याचे! मध्ये अख्खं जंगल आणि दिवसभराची एसटी.

वैशाली हळूच म्हणाली, "काका, त्या दिवशी फोन वाटले कोणी?"

मी पाण्यातल्या पिशव्या मोजायला लागलो.

मल्लय्या पाण्यात उतरला आणि एकेका पिशवीचं तोंड सोडू लागला. बीज वाचलं. वैशाली मात्र खाली मान घालून बसली होती. बाबा तिच्याजवळ गेले.

"बाई, तू सिरोंच्याच्या फोनाले मासा पाठवला?"

"हो."

"त्याच फोनावर दिसला?"

"हो बाबा."

"अन् याच्यावर धानोऱ्याची फुली दिसली? बाकीच्याईवर बी ज्याचं त्याले?"

"सगळं बरोबर गेलं बाबा. नऊही फोनांवर."

बाबा उठले. गाडीच्या पत्र्यावर त्यांनी बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केली. टण् टण्. डबल बेल.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन पुन्हा बोलला.

"शेठ, आता हात खाली करू का?"