मारियामातेची ओटी

आमच्या शेजारीण ब्रिजितबाई मूळच्या वसईच्या, समुद्राकाठच्या. तीस वर्षांपूर्वी नर्स म्हणून छत्तीसगडात रायपूरला आल्या अन् आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात राहिल्या. मराठीत प्रार्थना म्हणणारं कॅथलिक घर तेव्हा त्यांच्या ओळखीत एकही नव्हतं. पण बाई मोठी चिवट! भाजी घेताना कोणाच्या गळ्यात क्रूस अन् तोंडी मराठी दिसली, का पिशवी तिथंच टाकून त्याच्या मागं. असं करत सात घरं जमवली.

ऑक्टोबर त्यांचा जपमाळेचा महिना. वसईच्या रीतीनं मारियामातेची मूर्ती रोज नव्या घरी मुक्कामाला नेत. फादरनी यंदा सांगून टाकलं होतं, "नऊ दिवस नऊ घरं झाली, तर नाताळची मिस्सा-प्रार्थना मराठीत." बाईंनी उभ्या आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं.

सात झाली. आठवं घर शंकर नगरच्या अनुश्रीचं, नोकरीसाठी नवीनच आलेली मराठी कॅथलिक पोरगी, पण हिंदीतच वाढलेली. नवव्याचा शोध चालूच होता. तिनं ऐनवेळी फोन केला, "आंटी, हमारे यहाँ नहीं हो पाएगा. पड़ोसी क्या सोचेंगे?"

बाई मूर्ती मांडीवर घेऊन माह्या ओट्यावर बसल्या, रडवेल्या.

"माह्या घरी काहून नाही आणत?" मी म्हटलं.

"वनमालाताई, तुम्ही हिंदू."

"तं मी कुठं म्हणून राहिली, मले कॅथलिक करा? पाहुणी आहे, येऊ द्या तिले!"

संध्याकाळी सातही घरं माह्या बैठकीत. प्रार्थना झाली, चहा झाला, पोट्टे सोफ्यावर नाचले.

सकाळी बाई न्यायला आल्या अन् किंचाळल्या. मी मूर्तीले हळदकुंकू लावलं होतं. खण, तांदूळ, नारळानं ओटी भरली होती.

"अहो, काय केलंत हे! फादर बघतील!"

मीही भडकली. "लेकीले रिकाम्या ओटीनं पाठवू? आमच्या वर्धेकडं असं नाही चालत!"

तेवढ्यात अनुश्रीचा फोन. माह्या घराचं तिले कळलं होतं, लाज वाटली होती. म्हणे, "आज हमारे यहाँ लाइए."

मी पदरानं कुंकू पुसाले गेली, तं बाईंनी हात धरला.

दहाव्या दिवशी मूर्ती चर्चमध्ये परतली. फादर कुंकवाकडं पाहतच राहिले. "आठवं घर कोणाचं?"

मी मागच्या बाकावर बसलेली.

"माझ्या माहेरचं," ब्रिजितबाई म्हणाल्या.