माझं कुणी वाचलं?

काल देसाईकाका दुकानात आले आणि काकूंसाठी बनवलेला चष्मा हातात घेऊन त्याच्या काचा सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले. काकू गेल्याचं त्यांनी आम्हाला मोबाइलवर निरोप पाठवून कळवलं होतं. आमच्या चष्म्याच्या दुकानात हल्ली निरोपांना एआय उत्तरं देतं. काकांच्या त्या निरोपावर त्यानं लिहिलं होतं, ‘चष्मा तयार आहे! काकूंना घेऊन नक्की या.’

“हे तू लिहिलंस?” काकांनी मोबाइलवरचं ते उत्तर दाखवत विचारलं.

“नाही काका, मशीननं.”

“मग माझं कुणी वाचलं?”

उत्तरं तपासायला माणूस कशाला, असं मीच म्हटलं होतं. काम खुशाल यंत्रावर सोपवावं. पण कुणाचं दुःख आलं तर ते माणसापर्यंत पोचावं, एवढी सोय मी ठेवली नव्हती.

आता प्रत्येक उत्तर मी आधी वाचतो. काकांना मात्र यंत्राचं ते उत्तर आधीच मिळून गेलं.