मामाजींचा ताणा

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे ईश्वरदास, जन्माचे विणकर. त्यांच्या तरुणपणी तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळी सुताचा ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबवायचे आणि कुंच्याने त्याला खळ लावायचे. ती वाळेपर्यंत बैलबंडीसुद्धा थांबायची. माणसाला पलीकडे जायचंच असलं तर ताण्याखालून वाकून जायचं. सूत ओलांडायचं नाही, पाप लागतं!

माग केव्हाच मोडीत गेला. मामाजींच्या डोक्यात मात्र तो अजून चालूच आहे. कोवळ्या उन्हात ते गल्लीत उतरतात आणि रिकाम्या हवेला हळूहळू खळ लावत राहतात. मी हात धरून आत आणते. चिडतेही. काय करू, रोजचंच आहे.

त्या रविवारी समोरच्या मैदानावर शाळांच्या खो-खो स्पर्धा होत्या. सकाळपासून गल्लीत गाड्याच गाड्या! आपल्या पोरांना सोडायला आलेले आईबाप दुसऱ्यांच्या पोरांच्या अंगावर गाड्या घालत होते मेले. मागच्या वर्षी इथेच एका पोरीचा पाय मोडला, तरी ना पोलीस, ना साधी दोरी. माझी रितिका आणि तिच्या संघातल्या पोरी आमच्या ओट्यावर खोळंबल्या होत्या.

"आई, आमची मॅच लागून राहिली. मले जाऊ दे ना!"

"थांब वं, मराले चालली का?" मी तिची बाही धरली.

तेवढ्यात मामाजी उठले आणि थेट रस्त्याच्या मधोमध गेले. उन्हात धूळ तरंगत होती. त्या धुळीतून हात फिरवत ते सावकाश चालू लागले. एक मोठी गाडी करकचून थांबली. मागच्याही थांबल्या. हॉर्न बोंबलायला लागले.

"ओ बुढ्ढे, हटो!"

"थांब गा," मामाजी म्हणाले, "सूत ओलं हाये."

मी धावले, पण रितिका माझ्या आधी पोचली. आजोबांच्या हाताखालून ती कमरेत वाकली आणि पलीकडे गेली. बाकीच्या पोरींनाही काय वाटलं कोण जाणे, त्याही एकेक करून वाकत गेल्या. कोणी हसलं नाही. हॉर्नही बंद पडले.

मी मामाजींचा हात धरला.

"सुभद्रा, पोरी गेल्या काय?"

"गेल्या, मामाजी. चला, आपणही मॅच पाहू."

"चाल," ते म्हणाले. "पण वाक वं बाई, धागा तुटीन."

मी वाकले.